साखळी कुठे तुटली, ते आधी सांगा!

भाईंदरजवळच्या उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्याला होड्या लागतात तेव्हा खणातल्या मासळीवर बर्फाचा चुरा असतो. कोळ्याने आपले काम चोख केलेले असते. एक किलो बर्फ पाणी होताना ८० किलोकॅलरी उष्णता गिळतो, म्हणून बर्फ वितळत आहे तोवर मासा शून्य अंशाच्या आसपास राहतो. मग मोर्वा, राई, मुर्धा ओलांडत टोपली भाईंदर पश्चिमेच्या बाजारात येते. ऊन चढते, बर्फ संपतो आणि मासा नरम पडला की सगळ्यांचे बोट एकाच ठिकाणी वळते : रस्त्याकडेला बसलेल्या कोळणीकडे! जिच्या हाती शेवटी टोपली, तिच्याच माथी सगळे पाप. हा उफराटा न्याय आम्हाला मान्य नाही, त्रिवार मान्य नाही!

कायदा नाही म्हणून हे घडते काय? मुळीच नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६चा आहे आणि त्याचे नियम २०११पासून लागू आहेत. थंड ठेवायचे अन्न ५ अंशांच्या वर जाऊ नये, गोठवलेले उणे १८ अंशांवर राहावे, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. खाण्याचा बर्फ आणि कारखान्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याची सक्ती २०१८मध्ये झाली. वाचकहो, बाजारात फिरताना निळी लादी तुम्ही किती वेळा पाहिलीत? मासळीत किंवा दुधाच्या क्रेटमध्ये थर्मामीटर खुपसून पाहणारा तपासनीस किती वेळा दिसला? जो नियम मोजलाच जात नाही तो नियम नव्हे, ती भिंतीवरची सुभाषिते आहेत!

आणि या बेपर्वाईची किंमत? २०१५च्या राष्ट्रीय पाहणीनुसार समुद्रातून काढलेल्या मासळीपैकी १०.५२ टक्के काढणीनंतर वाया जात होती. म्हणजे दहा टोपल्यांतली एक टोपली मातीत! त्याच वर्षी शीतसाखळीचा हिशेब मांडला गेला. देशाला सुमारे ३ कोटी ५० लाख टनांची शीतगृहे हवी होती, ३ कोटी २० लाख टनांची उभी होती. पण माल निवडून थंड करणारी पॅकहाऊस हवीत ७०,०८०, होती २४९! शीतवाहने हवीत जवळपास ६२,०००, होती १०,०००हूनही कमी! कोनशिला बसवता येते तिथे पैसा ओतला आणि जिथे माल खरोखर उन्हात पडतो तिथे हात आखडला. याला साखळी म्हणायचे? हा सुट्या कड्यांचा ढीग आहे!

दुकानांचेही ऐकवतोच. रात्री शटर ओढताना वीजबिल वाचवायला फ्रीझरचा खटका खाली करणारा दुकानदार गिऱ्हाइकाच्या पोराबाळांच्या जिवाशी खेळतो. पाकिटातल्या मटारांची एकच ढेप झाली असेल किंवा आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे लागत असतील, तर माल वितळून पुन्हा गोठला, हे समजून घ्या. उष्म्यात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या वेगाने चार तासांत एकाचे ४,०९६. बांगडा आणि कुपा उबेला राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होते, आणि ते कितीही तळा, शिजवा, नाहीसे होत नाही. गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, ते फक्त थांबतात. चुकीला माफी देणारे हे खाते नाही!

थंडावा महाग ठेवला की विष स्वस्त पडते. २०१८च्या जुलैत, बर्फाऐवजी मासळी टिकवायला वापरल्या जाणाऱ्या फॉर्मेलिन या विषारी रसायनाच्या संशयाने गोव्याला परराज्यांतली मासळी अडवावी लागली. भीतीने घरोघरी ताट रिकामे झाले आणि प्रामाणिक विक्रेताही त्यात भरडला गेला. महाराष्ट्राने त्यापासून धडा घ्यायचा की आपल्या किनाऱ्यावर त्याची वाट पाहायची?

२०२०मध्ये केंद्राने मत्स्य संपदा योजनेला २०,०५० कोटींचा आकडा लावला. बर्फाचे कारखाने, शीतवाहने, बर्फपेट्या हे सारे त्यात आहे. त्यातला किती थंडावा उत्तनच्या टोपलीपर्यंत पोचला, याचा हिशेब जाहीर करा! महापालिकेने मासळी बाजारात सावली, पाणी, निचरा आणि प्रत्येक विक्रेतीला उष्णतारोधक पेटी द्यावी. अन्न व औषध प्रशासनाने माल हातोहात जाताना प्रत्येक ठिकाणी तापमानाची नोंद सक्तीची करावी. दंड कोळणीच्या टोपलीवर नको, जिथे पारा चढला त्या कडीवर बसवा.

थंडावा ही श्रीमंताची चैन नाही. अन्न विकणाऱ्याचा तो हक्क आहे आणि खाणाऱ्याचाही. त्याची साखळी कोणी तोडली हे शोधण्याची हिंमत ज्या शासनात नाही, त्याला कोळणीच्या टोपलीकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही!