घर आमचे, शब्द कुणाचे?

गिरणगावातल्या कामगार बंधूंनो, मायबहिणींनो,

गावाकडे आपली गुंठाभर जमीन असली तरी तिचा सातबारा मराठीत असतो. जुने खरेदीखत काढून बघा. पूर्वेला ओढा, पश्चिमेला अमक्याचे शेत, दक्षिणेला पायवाट, उत्तरेला गावठाण, अशी चतुःसीमा त्यात लिहिलेली असते. चौथी यत्ता शिकलेला म्हातारा चष्मा पुसून ती वाचतो आणि बांध कुठे सरकला ते बोट ठेवून सांगतो. त्याच म्हाताऱ्याचा मुलगा मुंबईत दहा बाय सोळाच्या खोलीसाठी सही करायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढे इंग्रजीचे जाडजूड बाड येऊन पडते. ‘इथे सही करा, इथे करा, आणि इथे.’ तो बिचकत विचारतो, ‘साहेब, यात लिहिलंय तरी काय?’ उत्तर मिळते, ‘काही नाही हो, नेहमीचंच आहे!’

नेहमीचेच आहे! नेहमीचेच आहे म्हणून तर आम्ही हे लिहायला बसलो.

मराठी भाषेचे राज्य आम्हाला कुणी ओवाळणीत घातलेले नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या, तेव्हा साचे सोडून आलेला कामगार छाती काढून तिथे उभा होता. १ मे १९६० ला राज्य आले. १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. कचेऱ्यांच्या पाट्या मराठीत रंगल्या. मग आमच्या घराचा कागद तेवढा कोरडा का राहिला? माणसाच्या डोक्यावरचे छप्पर ज्या पानावर ठरते, नेमक्या त्याच पानाच्या उंबऱ्याबाहेर मराठी का ताटकळते आहे?

आधी आमचे शब्द घेऊ. खोली, मोरी, माळा, ओटा, जिना, गॅलरी, नळ, बिऱ्हाड, शेजार. यातला एकेक शब्द माणसांनी भरलेला आहे. बिऱ्हाड म्हटले की चूल आली, भांडी आली, पोरेबाळे आली. खानावळ म्हटले की पंधरा-वीस जणांच्या भाकऱ्या थापणारी बाई आली. गावाची खोली म्हटली की एका गावचे डझनभर गडी आले. पहिल्या पाळीचा उठून भोंग्याला निघाला की रात्रपाळीचा येऊन त्याच चटईवर पाठ टेकणार. आम्ही चाळीचे गोडवे गात नाही. संडासाची रांग, पावसाळ्यातली गळती, बाळंतिणीला पडद्याआडचा कोपरा, हे सगळे आम्ही भोगले आहे. चाळीच्या गोड आठवणी लिहिणाऱ्यांनी एक पावसाळा तिथे काढून दाखवावा! आम्हाला मोठे, उजेडाचे, पक्के घर पाहिजे. पण ते कोणत्या शब्दांनी मोजले जाते आणि ते शब्द कोण ठरवतो, हे आम्हाला कळले पाहिजे.

इंग्रजाने आमच्याकडून घराचे दोन शब्द उचलले. एक बंगला, दुसरा चाळ. बंगला त्याने स्वतःसाठी ठेवला आणि जगभर नेला. चाळ त्याने अहवालात घातली. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, १९२० ला डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. त्याच डिपार्टमेंटच्या नावाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळी आजवर ओळखल्या गेल्या. मजल्यावर वीस, इमारतीत ऐंशी खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. साहेबाच्या वहीत ती खोलीही नव्हती, ‘टेनेमेंट’ होती. या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि अर्थ ‘ताब्यात धरलेले’. म्हणजे जागेचा ताबा मोजला, भाडे मोजले, डोकी मोजली. बिऱ्हाड कुणी मोजले नाही.

आणि ‘स्लम’? हा शब्द ऐकला की आमची मान खाली जाते. पण या शब्दाची कुळकथा ऐका. जेम्स हार्डी व्हॉक्स नावाच्या एका शिक्षा झालेल्या इंग्रजाने १८१२ च्या सुमारास लंडनच्या चोरांच्या बोलीतले शब्द गोळा केले. त्यात ‘स्लम’ याचा अर्थ नुसता ‘खोली’ असा दिला आहे! खोलीची गल्ली झाली, गल्लीची घाणेरडी वस्ती झाली आणि गरिबाच्या राहण्याला शिवी मिळाली. तोच शब्द आमच्या १९७१ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात बसला. एखादी वस्ती आरोग्याला धोक्याची आहे असे ठरवून तिला ‘स्लम’ जाहीर करण्याचा अधिकार त्या कायद्याने अधिकाऱ्याला दिला. कोळ्याचा कोळीवाडा, आदिवासीचा पाडा, भंडाऱ्याची वाडी, कामगाराची वसाहत, इतके शब्द मराठीने घडवले. ते पुसून सगळ्यांच्या कपाळी एकच शिक्का मारायचा, म्हणजे उठवणे सोपे जाते. पाडा उठवताना हात कचरतो. स्लम हटवली की शहर सुंदर झाले म्हणतात!

आता तुमच्या मुलाच्या हातातला कागद बघू. त्यात ‘कार्पेट एरिया’ असतो. सरकारी मराठीत त्याला चटई क्षेत्र म्हणतात. नाव आपल्या चटईचे, पण हिशेब कुणाचा? २०१६ च्या केंद्राच्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ज्याला सगळे रेरा म्हणतात त्याने, या शब्दाची व्याख्या बांधून दिली. आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्ची धरायची नाही. व्याख्या चांगली आहे. ‘सुपर बिल्ट-अप’ नावाखाली जिना, लिफ्ट आणि हवासुद्धा फुटांवर विकली जात होती, त्याला तिने वेसण घातली. म्हणून ती पाठ करा. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. चाळीतले आमचे निम्मे घर गॅलरीत होते. म्हातारा तिथे बसे, पोर तिथे पाढे म्हणे, पापड तिथे वाळत, उन्हाळ्यात बिछाने तिथे पडत. नव्या इमारतीत त्या जागेचे नाव ‘कॉमन पॅसेज’. तिथे चपला ठेवल्या तर सोसायटीची नोटीस येते! तेव्हा १६० चे ५०० फूट झाले की आनंद जरूर करा, पण सामाईक जागा किती होती आणि किती उरली, तेही विचारा. त्याचा आकडा जाहिरातीत सापडणार नाही.

दुसरा शब्द, ‘लीव्ह अँड लायसन्स’. गिरणीत लीव्ह म्हणजे रजा, एवढे आपल्याला पक्के ठाऊक. इथे लीव्ह म्हणजे परवानगी. दर महिन्याला पैसे मोजता, तोंडाने भाडे म्हणता, शेजारी तुम्हाला भाडेकरू म्हणतात. पण त्या कागदावर तुम्ही भाडेकरू नाहीच! तुम्ही परवानाधारक. जुन्या भाडेकरूला १९४७ च्या भाडे कायद्याने जे संरक्षण दिले, त्याची सावलीही तुमच्यावर पडत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ आहे. मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर दुप्पट रक्कम भरायची पाळी. दोन इंग्रजी शब्दांनी माणूस भाडेकरूचा पाहुणा झाला आणि त्याला पत्ताही नाही. मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा की, ‘हा भाडेकरार नाही’! मग सही करणारा निदान दोनदा विचार करील.

तिसरा शब्द सगळ्यांत महाग पडला. तो म्हणजे ‘ओपन लँड’. मोकळी जमीन. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. गिरण्यांची जमीन होती सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने वाटणी सांगितली: एक हिस्सा महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक हिस्सा म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ही वाटणी मोकळ्या जमिनीची. पण मोकळी म्हणजे कोणती? गिरणी पाडल्यावर तिच्या खालची जी मोकळी होईल ती धरायची की नाही? २००१ साली सरकारने नियम बदलला आणि सांगितले, ती धरायची नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती धरली पाहिजे असा कौल दिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा बदल कायम ठेवला. झाले! गिरणीची शेड, गोदाम, खाते यांनीच जमीन व्यापलेली. अंगण किती उरणार? आमच्या घरांचा आणि पोरांच्या मैदानाचा वाटा आक्रसून गेला.

लालबागच्या कोणत्याही बाईला विचारा, ‘घर पाडल्यावर जागा मोकळी होते की नाही?’ ती विचारणाऱ्याच्या अकलेची कीव करील. पण हा वाद ज्या भाषेत चालला, त्या भाषेत तिला कुणी विचारलेच नाही. लोभ मराठीतही करता येतो, हे आम्हाला कबूल आहे. मराठी बोलणाऱ्या मंत्र्यांच्याच राज्यात हे घडले! म्हणून तर म्हणतो, राज्य मराठी असून भागत नाही. व्यवहार लोकांच्या भाषेत चालला पाहिजे. चोराला अंधार लागतो, आणि कामगारापुढे इंग्रजीचा अंधार करणे सगळ्यांत स्वस्त.

याच जमिनींवर आज मनोरे उभे आहेत. जाहिराती लोअर परळला ‘अपर वरळी’ म्हणतात. परळ म्हटले की भोंगा आठवतो, घामाचा वास येतो, गिऱ्हाईक बिचकते! पुनर्विकास झाला की एका आवारात दोन इमारती: एक ‘सेल’, एक ‘रिहॅब’. विकत घेणाऱ्याची ती विक्रीची, आणि पिढ्यान्पिढ्या राहिलेल्याची ती पुनर्वसनाची. जणू आम्ही पुरात वाहून आलो होतो! जाहिरातीतले ‘नेबरहूड’ मिनिटांत मोजलेले असते. मॉल पाच मिनिटे, विमानतळ तीस मिनिटे. आमचा शेजार माणसांत मोजला जातो. मध्यरात्री छातीत कळ आली तर केईएमपर्यंत खांद्यावर कोण नेईल, त्याचे नाव शेजार.

आणि कामगाराच्या घराचे काय? २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, पुढे २०१६ आणि २०२० ला आणखी काही. अर्ज करणारे दीड लाखाच्या वर! बाकीच्यांना बोट दाखवले शेलू आणि वांगणीकडे. मुंबईतच घर हवे म्हणून २०२५ च्या जुलैत काठी टेकत म्हातारे आझाद मैदानावर आले. भोंग्याच्या हाकेवर पोचता येईल ते घर, असे ज्याने आयुष्यभर मानले, त्याला कर्जतच्या गाडीत बसवून ‘तुमचे घर आले’ म्हणायचे?

कुणी म्हणेल, ही इंग्रजीद्वेषाची जुनी कॅसेट आहे. मुळीच नाही! आमची पोरे इंग्रजी शिकोत, भरपूर शिकोत. आम्ही स्वतः बॉबिन, वाइंडिंग, सायझिंग, जॉबर, शिफ्ट हे शब्द घोळवून आमचे केले. गॅलरी आमचीच. ज्या शब्दाला आमचा हात लागला, घाम लागला, तो मराठीच. आमचे भांडण त्या शब्दाशी, जो आमची सही मागतो पण आपला अर्थ सांगत नाही. आणि सरकारी मराठीलाही आम्ही सोडणार नाही. ‘संक्रमण शिबिर’ म्हणजे काय, हे पोरांच्या आजीला कळत नसेल तर तो इंग्रजीचाच धाकटा भाऊ. ‘तात्पुरती जागा’ म्हणा, आणि किती वर्षे तात्पुरती तेही लिहा!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत:

१. घराचा प्रत्येक करार, संमतिपत्र आणि नकाशा रोजच्या मराठीत द्यावा. इंग्रजी प्रत हवी तर सोबत जोडा. अर्थावरून वाद झाला तर रहिवाशाला दिलेली मराठी प्रतच खरी धरावी.

२. सही घेण्यापूर्वी तो कागद चाळीच्या सभेत मोठ्याने वाचावा. बायकांच्या समक्ष वाचावा, कारण घर त्या चालवतात.

३. ‘रिहॅब’ आणि ‘सेल’ असे भेद इमारतींच्या नावांतून आणि पाट्यांवरून जावेत. जिना आणि दरवाजा यांतही दुजाभाव नको.

४. चाळी, वाड्या, नाके यांची नावे नव्या इमारतींना आणि रस्त्यांना कायम राहावीत.

आणि सरकार ऐकेपर्यंत आपल्या हातात काय? एकच गोष्ट, पण मोठी. न समजलेल्या कागदावर सही करायची नाही! एकट्याने तर नाहीच नाही. कागद घरी आणा, शिकलेल्या पोरीला वाचायला बसवा, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा, दहा बिऱ्हाडे एकत्र बसा आणि वकिलाला मराठीत विचारा. सही घेणारा घाई करील, लालूच दाखवील, ‘बाकीच्यांनी केली’ म्हणून सांगेल. त्याला म्हणावे, साच्यावर एक धागा तुटला तरी आम्ही साचा थांबवून तो जोडत होतो. इथे तर घराचा धागा आहे.

राज्य मिळवताना आम्ही मागे हटलो नाही. घराचा शब्द मिळवताना तरी का हटावे?

जय महाराष्ट्र!