घोडपदेव ते कान्हेरी : एक जागता रस्ता

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी, शाळेत इंग्लिश आणि बिल्डिंगखाली बम्बइया, अशी माझ्या भाषेची मिसळ आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच लिहायला हवा, कारण त्यावरून घरात झालेली सगळी भांडणं मराठीतच झाली!

भांडणाचं कारण एवढंच, की मला घोडपदेवहून सायकलने बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, थेट कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जायचं होतं. बाबांनी पेपर खाली न ठेवताच विचारलं, "का? बोरिवलीच्या लोकल बंद पडल्या का?"

प्रश्न चुकीचा नव्हता. पण माझ्या डोक्यात वेगळंच होतं. आमच्या घराजवळ भंडारवाड्याची टेकडी आहे. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आणि बागेच्या पोटात इंग्रजांच्या काळातला जलाशय. पाणीपुरवठ्याचं जर्नल लिहिताना कळलं, की मुंबईला नळाचं पहिलं पाणी आलं ते १८६० साली, विहार तलावातून. मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. यातले विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव बोरिवलीच्या डोंगररांगेत आहेत. मनात आलं, त्या डोंगराचं पाणी आमच्या आजोबांच्या चाळीतल्या नळापर्यंत पोचलं, मग चाळीतल्या माणसाला त्या डोंगरापर्यंत का जाता येऊ नये? तेही स्वतःच्या पायांच्या जोरावर!

झालं, नकाशा घेऊन बसले. सगळ्यात हिरवा रस्ता निवडला: कॉटन ग्रीन, शिवडी, किडवाई मार्ग, माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स, सायन, विक्रोळी, पवई आणि मग आरेच्या झाडीतून पलीकडे. कागदावर दृष्ट लागावी असा रूट. पहाटे पाचला निघाले आणि पंधराव्या मिनिटाला पडले. कडेच्या गटारावर लोखंडी जाळी होती, तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने लांब बसवलेल्या. सायकलचं पुढचं चाक बरोब्बर दोन पट्ट्यांच्या मध्ये गेलं. हनुवटीला तीन टाके. त्याच पट्ट्या आडव्या बसवल्या असत्या तर चाक वरून निघून गेलं असतं. खर्च तेवढाच, लोखंड तेवढंच. फक्त जाळी बसवताना कोणाच्या डोक्यात सायकल नव्हती!

पण मला जास्त भीती वाटली ती पडल्यानंतर. दोन्ही बाजूंना बंद गोदामं, अर्धे दिवे गेलेले, बाजूने कंटेनर धडधडत जातायत, आणि माणूस एकही नाही. शेवटी आला तो आमच्याच भागातला पाववाला. आम्ही त्याला चाचा म्हणतो. मागे पावाची भलीमोठी टोपली, तरी उतरला. माझी सायकल सरळ केली आणि घरापर्यंत सोडायला आला. वाटेत एवढंच म्हणाला, "बेटी, झाडं बघून रस्ता नाही निवडायचा. लोक बघून निवडायचा."

बाबांनी सायकलला कुलूप लावलं. आईने लावायच्या त्या सगळ्या शपथा घातल्या. पण चाचाचं वाक्य डोक्यातून जाईना.

मग मी दोन रविवार पहाटे काळाचौकीच्या नाक्यावर जाऊन उभी राहिले (बाबा सोबत, झोपेत). आपल्याला वाटतं सायकल म्हणजे हेल्मेट, गिअर आणि फेसबुकवरचे फोटो. त्या नाक्यावर असले हौशी सायकलवाले बोटावर मोजण्याइतके. बाकी सगळे पाववाले, दूधवाले, पेपरवाले, किटलीवाले, ड्यूटी संपवून निघालेले वॉचमन. ही माणसं रोज सायकल चालवतात. लालबागच्या पुलाखाली डावीकडे चिकटायचं नाही, उभ्या टॅक्सीचा दरवाजा अचानक उघडतो. ट्रकच्या डाव्या बाजूला थांबायचं नाही, ड्रायव्हरला आपण दिसत नाही. हे त्यांना कुठल्याही लेक्चरशिवाय ठाऊक आहे.

त्यांना विचारून मी दुसरा रस्ता आखला. लालबाग, परळ, टिळक पुलावरून दादर पश्चिम, माहीम, वांद्रे आणि मग एस. व्ही. रोडने सरळ बोरिवली. निसर्गाच्या नावाने बोंब! पण दादरचा फुलबाजार त्या वेळी गजबजलेला असतो. पुढेही कुठे दुधाचं केंद्र, कुठे पेपरचे गठ्ठे सोडणारी मुलं, कुठे चहाची टपरी. अंधारातसुद्धा जाग असलेला रस्ता. मुलीच्या दृष्टीने 'सुरक्षित' या शब्दाचा अर्थ फक्त गाड्यांपासून सुरक्षित एवढाच नसतो, हे मुलांनी कृपया लक्षात घ्यावं.

माझं म्हणणं इथेच आहे. आपल्या शहरात सायकलचा विचार झाला तर तो रविवारच्या करमणुकीचा होतो, रोजच्या कामाचा नाही. सागरी सेतू २००९ मध्ये झाला, आमच्या जवळून जाणारा ईस्टर्न फ्रीवे २०१३ मध्ये, अटल सेतू आणि कोस्टल रोड २०२४ मध्ये. या चारही रस्त्यांवरून सायकल न्यायला बंदी आहे. बीकेसीत २०११ मध्ये सायकल ट्रॅक केला, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. २०१७ मध्ये महापालिकेने तानसाच्या पाइपलाइनच्या कडेने ३९ किलोमीटरच्या सायकल ट्रॅकची योजना पुढे आणली. 'हरित वारी जलतीरी' असं सुंदर नाव दिलं. पाण्याच्या वाटेने सायकल, म्हणजे माझंच स्वप्न! पण त्याच पाइपलाइनच्या कडेची हजारो घरं तिच्या सुरक्षेसाठी हटवली गेली आणि कितीतरी कुटुंबं माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी पाठवली गेली. ज्या जमिनीसाठी लोकांनी एवढं सोसलं, तिथला रस्ता आधी कामावर जाणाऱ्या माणसाचा हवा, मग आमच्यासारख्या हौशी लोकांचा. जो रस्ता पाववाल्याला सुरक्षित, तो आपल्याला आपोआप सुरक्षित होईल. उलटं मात्र कधीच होत नाही.

असो. डिसेंबरच्या एका रविवारी आम्ही चौघं निघालो, मी आणि होस्टेलचे तिघं. ३०-३५ किलोमीटरला थांबत थांबत तीन तास लागले. उद्यानाच्या गेटवर बाबा उभे! लोकलने आमच्या आधी पोचले होते, हातात वडापावची पिशवी. बोलले काहीच नाहीत, फक्त माझ्या हनुवटीकडे बघितलं.

आतला रस्ता चढाचा, दोन्ही बाजूंना जंगल. वर शंभराहून जास्त लेणी आणि जिकडेतिकडे कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी. डोंगरावर पडलेला पाऊस बारीक पन्हळींतून पोढीत उतरवायचा, हे हायड्रॉलिक्स दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंना जमत होतं. आणि आपल्याला एक जाळी आडवी बसवता येत नाही!

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सोमवारी उद्यान बंद असतं. स्वतःची सायकल नसेल तर आत भाड्याने मिळते. बिबट्यांचं घर आहे ते, त्यामुळे उन्हं कलायच्या आत बाहेर पडा.

आणि सरांना एक नम्र विनंती. मिनी प्रोजेक्टला दरवर्षी तेच ते पुलांचे मॉडेल करण्यापेक्षा कॉलेजच्या आसपासच्या जाळ्यांचा सर्व्हे करू द्या. कुठल्या उभ्या, कुठल्या आडव्या, कुठे दिवा नाही, एवढंच. यादी करून वॉर्ड ऑफिसला देऊ. एखादी जरी बदलली तरी आमची डिग्री थोडी कारणी लागली असं मी समजेन.

त्या रविवारी दुपारी मी घरी येऊन मेल्यासारखी झोपले. संध्याकाळी खिडकीतून बघितलं, तर चाचा दुसऱ्या खेपेचा पाव घेऊन लालबागच्या दिशेने निघाले होते. त्यांच्या रूटचा नकाशा अजून कोणी काढलेला नाही. आपण काढूया का?

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी