कुणाला किती मिळाले, ते चावडीवर लावा!

मानवत तालुक्यातील शेतकरी बंधू-भगिनींनो,

२०२५ च्या सप्टेंबरात पावसाने मराठवाड्यातल्या कपाशी-सोयाबीनची माती केली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, मर्यादा तीन हेक्टर. हे दर साऱ्या राज्याला कळले. पण आपल्या शिवारात कोणत्या गटाला किती क्षेत्र धरून किती रुपये मिळाले, हे बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यालाही कळत नाही. ज्याचे पैसे आले नाहीत तो व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक) विचारत सेतू केंद्रावर खेटे घालतो आणि ‘वरून आलं नाही’ हे उत्तर घेऊन घरी येतो.

यादी झाकलेली राहिली की काय होते, ते शेजारच्या जालना जिल्ह्यात दिसले. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला अतिवृष्टी अनुदानाचा कोट्यवधींचा घोटाळा २०२५ मध्ये उघड झाला. तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. जमीन नसलेल्यांच्या नावावरही पैसे गेल्याचे समोर आले. तीच यादी पहिल्या दिवशी चावडीवर लागली असती, तर पारावरच्या कोणत्याही म्हाताऱ्याने नावावर बोट ठेवून सांगितले असते, ‘याला इथं गुंठाभर रान नाही.’ जे गावाला एका सकाळी कळले असते, त्यासाठी चौकशी समिती बसवावी लागली.

अपात्रांना पैसे पीएम किसानमध्येही गेले. जुलै २०२० पर्यंत २० लाख ४८ हजार अपात्र लोकांच्या खात्यांत १,३६४ कोटी रुपये गेले. ही माहिती केंद्रीय कृषी मंत्रालयानेच माहिती अधिकारात दिली. त्यांतले निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते!

आम्ही नवे काही मागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ मधील कलम ४ सांगते, की अनुदान कसे वाटले, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायचे. १४ नोव्हेंबर २०२५ पासून विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८ (१) (ञ) बदलले. आता ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढे लिहून अर्ज परत करायची वाट मोकळी झाली. हा बदल शेतकऱ्याच्या हिताचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण कलम ४ शाबूत आहे, आणि जनहितासाठी माहिती देता येते असे सांगणारे कलम ८ (२) सुद्धा.

कुणाचा आधार क्रमांक किंवा बँक खाते आम्हाला नको. नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम, बस्स! पीएम किसानची गावनिहाय यादी संकेतस्थळावर दिसते. रोजगार हमीवरच्या मजुराचे नाव आणि मजुरी जगाला दिसते. २०२० मध्ये कर्जमुक्तीच्या याद्या गावोगाव लागल्या, तेव्हा कर्जबाजारी माणसाच्या अब्रूचा विचार कुणी केला होता? युरोपात तर उलट रीत आहे. तिथे लहान रक्कम घेणाऱ्याचे नाव झाकतात, मोठी रक्कम घेणाऱ्याचे जाहीर करतात.

यादी लागली तर भावकीत भांडणे होतील, असे काहीजण म्हणतात. भांडणे आजही आहेत. ती संशयावर चालली आहेत. आकडा समोर आला तर निदान खऱ्यावर बोलता येईल.

अतिवृष्टीवर थांबू नका. ठिबक, ट्रॅक्टर, अवजारे, शेततळे, साऱ्यांची यादी मागा. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: अनुदान वाटल्यावर महिनाभरात यादी चावडीवर लागलीच पाहिजे. आणि एकट्याने नको, गावातून दहा जणांनी दहा अर्ज द्या. अतिवृष्टीसाठी तहसील कार्यालय, अवजारांसाठी तालुका कृषी अधिकारी. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आले, तर पहिले अपील करा.

हे पत्रक वाचून झाले की शेजाऱ्याच्या हातात द्या.

— मानवत तालुक्यातील एक कापूस उत्पादक