लाईन घरात आली, पण वेग कुठे मुरतो?



हळद शिजवून वाळत घातली की वसमत तालुक्यातल्या माणसाला जरा उसंत मिळते, आणि मग आमच्या बैठकांना माणसे येतात. अलीकडे या बैठकांत कंदकूज आणि करपा यांच्या जोडीने आणखी एक रोग विचारला जातो. "साहेब, पैसे भरूनबी नेट चालना गेलंय. कंपनी मुद्दाम दाबती का?"

माझा विषय बी-बियाण्यांचा, तारांचा नव्हे. पण ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचा फोटो आपणच चढवतो, हळदीचा भाव मोंढ्यात जाण्याआधी सांगली-निजामाबादशी ताडून बघतो, आणि लेकीच्या प्रवेशाचा अर्जही घरूनच भरतो. शेवटच्या तारखेच्या रात्री फोटो चढला नाही तर होणारे नुकसान गारपिटीइतकेच खरे असते. तेव्हा या रोगाचेही निदान करू या. निदानाआधी औषध मारायचे नाही, हे आपले जुनेच ठरलेले आहे.

कंपनी वेग दाबते का? होय, दाबते. पण बहुतेक वेळा ते दाबणे आपण घेतलेल्या योजनेच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेले असते. आपल्याकडे पुष्कळ घरांत एकाच मोबाईलवर सगळे घर चालते. थोरल्याच्या फोनवरून हॉटस्पॉट, त्यावर धाकट्याचा अभ्यास आणि आजोबांचे कीर्तन. त्या फोनला दिवसाला दीड किंवा दोन जीबी मिळतात. दुपारीच ते संपले की बहुतेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. नेट बंद पडत नाही, नुसते रांगते. म्हणूनच माणसाला वाटते की टॉवर बिघडला.

हा ६४ चा आकडा नीट समजून घ्या. कंपन्या वेग मोजतात बिटमध्ये आणि आपली फाईल असते बाईटमध्ये. आठ बिटांचा एक बाईट. म्हणजे ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. दोन एमबीचा पिकाचा फोटो चढायला या वेगाने सव्वाचार मिनिटे लागतात, तीही मध्ये लाईन तुटली नाही तर. तोच फोटो चांगल्या घरगुती लाईनवर डोळ्याची पापणी लवेपर्यंत जातो. हाच हिशेब उलटाही लावा: १०० एमबीपीएसची लाईन घेतली म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे, साडेबारा एमबी. एवढे माहीत असले की विकणाऱ्याच्या बोलण्याने माणूस हुरळत नाही.

तेव्हा ज्या घरात तीन-चार माणसे नेट वापरतात, तिथे काचेच्या तारेची, म्हणजे फायबरची, स्वतंत्र लाईन घेणे हा या दाबणुकीतून सुटण्याचा सरळ मार्ग. फायबरच्या 'अनलिमिटेड' योजनेलाही मर्यादा असते, पण ती पुष्कळ योजनांत महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास असते. दिवसाचे झाले ११० जीबी. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ तासभर पाहिला तर दोन-तीन जीबी जातात. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी कामधाम सोडून पडद्यासमोर बैठक मारली तरी ही मर्यादा संपणे कठीण. मात्र गावातल्या काही स्वस्त योजनांत मर्यादा १०० किंवा २०० जीबीचीच असते. म्हणून पैसे मोजण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत: महिन्याला किती जीबी, आणि ते संपल्यावर वेग किती? दुसऱ्या प्रश्नाला "काही होत नाही हो दादा" असे उत्तर आले तर ते कागदावर लिहून मागावे. घरगुती तारेच्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली आणू नये, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑक्टोबर २०१६ मध्ये काढला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने किमान २ एमबीपीएस वेग असेल त्यालाच ब्रॉडबँड म्हणायचे, असे ठरवले.

टॉवरवरून हवेतून येणारी घरगुती जोडणीही आता मिळते. तार ओढायला नको, आठवड्याचे काम तासात होते. पण तिथे टॉवर सगळ्या गावाचा असतो आणि मर्यादाही बहुधा फायबरपेक्षा कमी असते. फायबर दारापर्यंत येत असेल तर फायबरच घ्यावे, असे माझे मत. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार आणली जाते. आपल्या ग्रामपंचायतीत ती पेटी चालू आहे का आणि तिथून घरी जोडणी मिळते का, हे आधी विचारून घ्या.

आता दुसरे दुखणे. मर्यादा संपलेली नाही, सकाळी नेट पळते, आणि रात्री जेवणवेळी मान टाकते. यात कुणी मुद्दाम दाबत असेलच असे नाही. येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना हे सांगायला नको. पाळी सुटली की वरच्या अंगाचे सगळे दारे धरून बसतात आणि टेलच्या माणसाच्या वाट्याला ओल तेवढी येते. इंटरनेटचा कालवाही तसाच. एक काचेची तार गावात येते आणि पेटीतून ३२ किंवा ६४ घरांना वाटली जाते. नेहमीच्या पद्धतीच्या तारेतून साधारण २५०० एमबीपीएस येतात. ६४ घरांनी एकाच वेळी पूर्ण ओढ लावली तर प्रत्येकाला ३९ मिळतील, हेही वाईट नाही. खरी चिंचोळी जागा असते त्याच्या वर, वसमतहून गावापर्यंत. समजा गावातल्या चालकाने तिकडून १००० एमबीपीएस आणले आणि १०० घरांना प्रत्येकी १०० विकले. दुपारी दहा घरे चालू असतील तर सगळे खूश. रात्री नऊला साठ घरे चालू झाली की वाट्याला सोळा-सतरा येतात. हा धंदाच या हिशेबावर चालतो की सगळे एकदम दार उघडणार नाहीत. विकावे किती पट, हा त्याच्या सचोटीचा प्रश्न.

यावर उपाय लाईन घेण्याआधीच करता येतो. ज्याच्याकडून घेणार त्याचे गिऱ्हाईक असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री नऊला जाऊन बसा, चहा घ्या आणि त्याच्या घरचा वेग मोजा. सकाळच्या आकड्यावर भुलू नका. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, असे सांगतील. पहिली दोन-तीन महिने महिन्याचेच पैसे भरा. पावसाळा येऊ द्या, तारा भिजू द्या, मग ठरवा.

वेग मोजायला ट्रायचे 'मायस्पीड' नावाचे ॲप २०१६ पासून फुकट मिळते. एक साधी वही घाला. आठ दिवस सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री नऊला आकडा लिहा, उतरण्याचा आणि चढण्याचा दोन्ही. एकदा वायफायवर मोजा आणि एकदा लॅपटॉपला राउटरची तार थेट लावून. हा दुसरा आकडाच कंपनीचा; पहिल्यात आपले घरही आले.

आणि घराचे काय सांगावे! तालुक्यातल्या एका घरी राउटर लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलेला पाहिला. विचारले तर आजीबाई म्हणाल्या, "लेकरं हात लावत्यात." लोखंड या लहरी अडवते. पत्र्याची कोठी, पत्र्याची भिंत, जुन्या वाड्याची हातभर जाडीची दगडी भिंत, यांतून वेग गळतो. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या वर, मोकळ्या जागी ठेवावा. बहुतेक राउटर दोन नावांनी दिसतात. ५ गिगाहर्ट्झवाले जवळच्या खोलीत वेगवान, २.४ वाले हळू पण भिंतीपलीकडे पोचणारे. अभ्यासाला बसणाऱ्या लेकराने पहिले धरावे, परसातल्या माणसाने दुसरे. पलीकडच्या खोलीत पोचत नसेल तर महागडी यंत्रे घेण्याआधी जाड प्रतीची लॅनची तार टाकून पाहा. ती १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. शेतातल्या आखाड्यापर्यंत मात्र हा उपाय पोचणार नाही, तिथे फोनच बरा.

जोडणी करायला माणूस येईल त्या दिवशी घरातले कोणीतरी जाणते माणूस हजर असावे. त्याच्याकडे प्रकाशाचा जोर मोजायचे छोटे यंत्र असते. त्यावरचा आकडा उण्यात येतो, उणे १८, उणे २२ असा. तो आकडा तारखेसह पेटीवर लिहून घ्या. उणे २७ च्या पलीकडे गेला तर लाईन अशक्त समजावी. सहा महिन्यांनी वेग खालावला तर हाच आकडा पुन्हा मोजायला लावा. वाटेत सांधा खराब झाला की ट्रॅक्टरने तार ओढली, ते लगेच कळते. काचेची तार खिळ्याला घट्ट गुंडाळू नये. उरलेल्या तारेचे वेटोळे चहाच्या बशीपेक्षा लहान नको, आणि उंदराच्या वाटेवर तर मुळीच नको. काचेतून वीज येत नाही, परंतु अडॅप्टरच्या वायरीतून येते. आभाळ कडाडू लागले की अडॅप्टर काढून ठेवावा. लाईट गेल्यावरही काम चालावे असे वाटत असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस पुरतो, अख्खा इन्व्हर्टर नको. आपल्या पेटीवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते मात्र पाहून घ्यावे.

तारेवरचा आकडा चांगला असूनही रात्री अडखळत असेल तर आपलेच फोन तपासा. सगळे फोन चार्जिंगला लावले की ते दिवसभराचे फोटो आपोआप वर चढवू लागतात, गोठ्यावरचा कॅमेरा चढवतच असतो, आणि चढण्याची वाट भरली की उतरण्याचीही कुचंबते. पासवर्ड किती शेजाऱ्यांकडे आहे, हेही आठवून पाहा. शेजारधर्म सोडा असे मी म्हणत नाही. अर्जाच्या दिवशी तेवढा पासवर्ड बदला.

आता खरी मुद्दाम दाबणूक. बाकी सगळे पळते आणि एकच साईट किंवा एकच ॲप रोज हटकून रांगते, हा निराळा प्रकार. समजा कालव्याच्या माणसाने म्हटले, अमक्या कारखान्याला ऊस घालणाऱ्यालाच पूर्ण पाणी, बाकीच्यांना निम्मे. इंटरनेटवर असे होऊ नये म्हणून एप्रिल २०१५ मध्ये देशभरातून दहा लाखांवर ई-मेल ट्रायकडे गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी केली. फेसबुकचे 'फ्री बेसिक्स' त्यामुळेच आपल्याकडून गेले. पुढे जुलै २०१८ मध्ये सरकारने असे तत्त्व मान्य केले की कंपनीने एखादी साईट अडवू नये, तिचा वेग दाबू नये किंवा एखादीला झुकते माप देऊ नये. ते परवान्याच्या अटींतही घातले गेले. अत्यावश्यक सेवा आणि गर्दीचे वाजवी नियोजन यांना सवलत आहे.

हा संशय तपासायची एक युक्ती जाणती पोरे सांगतात: व्हीपीएन लावून तीच साईट पाहायची. व्हीपीएनमुळे आपण कुठे जातो ते कंपनीला दिसत नाही. त्याने ती साईट पळू लागली तर संशयाला जागा आहे. पण ही तपासणी आहे, औषध नव्हे. महिन्याची मर्यादा व्हीपीएनने वाढत नाही, कारण मोजणारे मीटर तेच राहते; गर्दीही त्याने हटत नाही. आणि फुकटचे व्हीपीएन लावून बँकेचे काम तर कधीच करू नका. आपली सगळी वाहतूक एका अनोळखी माणसाच्या दारातून जाते, एवढे ध्यानी असू द्या.

ज्यांच्या घरी अर्ज-परीक्षांचे दिवस आहेत त्यांनी एक सिम दुसऱ्या कंपनीचे ठेवावे. लाईन एकीची, सिम दुसरीचे. एकीची तार तुटली तरी दुसरी बहुधा चालू राहते.

एवढे करूनही सांगितलेला वेग मिळत नसेल तर तक्रार करायला संकोच कसला? पैसे आपण भरतो. लाईनमनला फोन लावून भागत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून डॉकेट नंबर घ्यावा आणि वहीत लिहावा. मुदतीत निवारण झाले नाही किंवा उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याला पैसे पडत नाहीत, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा असा नियम आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केले आहे, आणि जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. अर्जासोबत योजनेचा कागद, पावत्या आणि वेगाच्या वहीची झेरॉक्स जोडा. मूळ वही घरीच ठेवा, आणि निकाल लागेपर्यंत आकडे लिहिणे थांबवू नका.