कलम गेले, धास्ती राहिली

आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हाच राहिला पाहिजे, कायद्याचा धाक सुटला म्हणजे माणसे जीव स्वस्त करतील, असा पक्ष आजही आग्रहाने मांडला जातो. तो मांडणाऱ्यांनी पाथरीसारख्या कापसाच्या तालुक्याकडे पाहावे. जो इसम जगण्याला इतका विटला की मृत्यूचेही भय त्याला उरले नाही, त्याला एका वर्षाच्या कैदेचे भय ते काय वाटणार? धाक बसतो तो त्याच्या घरच्यांना. मुलाने फवारणीचे औषध घेतले हे पुरते ठाऊक असूनही बाप डॉक्टरांना 'फवारताना वाऱ्याने तोंडात गेले' असे सांगतो आणि पंचनाम्यात सापडेल या धास्तीने बाटली घरीच दडवतो. वस्तुतः त्या बाटलीवरचे लेबल हा डॉक्टरांचा मोठाच आधार, कारण औषधाच्या जातीप्रमाणे उतारा बदलतो. आणि रोग्याला मानवतमार्गे परभणीस हलवावयाचे झाल्यास हा लपविलेला तपशील वाटेतच त्याच्या जिवावर बेततो.

आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरविणारे दंडसंहितेचे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरविले, तेही एका पोलीस शिपायाच्याच प्रकरणात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते पुन्हा वैध ठरविले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने असा प्रयत्न करणारा तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरविली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत ते सरसकट कलम उरलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते तेवढे कलम २२६ आहे.

मग वाद उरला कोठे, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हे की कलम राजपत्रातून जाते, पण दीडशे वर्षांची धास्ती घराघरांतून त्याच दिवशी जात नाही. रुग्णालयातून ठाण्याला वर्दी जाते, जबाब नोंदविणारा शिपाई खाटेशी येतो, आणि खेड्यातल्या बाईच्या लेखी वर्दी व फिर्याद एकच. वर्दी थांबवा असे मी म्हणत नाही; कोणी बळजबरीने विष पाजले असल्यास ते उघडकीस आलेच पाहिजे. परंतु जबाबापूर्वी डॉक्टरांनी नातेवाइकांना बाजूस घेऊन स्पष्ट सांगावे, की औषध घेतले एवढ्यावरून मुलावर खटला होणार नाही, बाटली ताबडतोब आणा. आणि रोगी वाचून घरी परतला, की कर्जाची व घरच्या कलहाची कैफियत ऐकून घेणारा समुपदेशक त्याच आठवड्यात त्याच्या दारी गेला पाहिजे. २०१७ च्या अधिनियमाने शासनावर टाकलेले कर्तव्य ते हेच.