रुसलेले कासव

मार्गशीर्षाच्या आरंभी आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने आम्हांस एक प्रश्न केला, "आजोबा, कासव रुसते का हो?" प्रश्नास कारण असे की, श्रावणातील एका मुसळधार दिवशी येथील चोळेगावच्या तळ्यानजीक भर रस्त्यात एक कासव त्यास दिसले, आणि एखाद्या रिक्षाखाली ते चिरडेल ह्या भीतीने त्याने ते रेनकोटात गुंडाळून घरी आणिले. भाद्रपद-आश्विनात ते गांडुळे मोठ्या आवडीने खाई. दिवाळीनंतर मात्र त्याने अन्न वर्ज्य केले. टबाच्या ज्या कोपऱ्यात उजेड सर्वांत कमी, तेथे तोंड खुपसून ते दिवसचे दिवस पडून राही.

अशा वेळी आपल्या घरांतून जे व्हावयाचे ते झाले. सौभाग्यवतींनी दूधभात ठेवून पाहिला. सूनबाईंनी काकडीचे काप व गाजराचा कीस घातला. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढण्याची सूचना केली. आम्ही स्वतः केले तेही फारसे शहाणपणाचे नव्हते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अवयव आवरून घेणाऱ्या कासवाची उपमा स्थितप्रज्ञास दिली आहे, ती नातवास सांगून हा प्राणी स्वभावतःच विरक्त असतो अशी आम्ही त्याची समजूत घातली. जन्मभर मास्तरकी केल्याचा हा दोष आहे. उत्तर ठाऊक नसले तरी दाखला तयार असतो. मुलाने सर्व ऐकून घेतले व एवढेच विचारिले, "पण मग ते मरेल ना?"

तेव्हा आम्ही ते जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यास खावयास काय घालता हे त्यांनी प्रथम विचारिलेच नाही. पाणी किती गार असते, ऊन किती मिळते आणि लपावयास जागा आहे काय, हे तीन प्रश्न त्यांनी केले, आणि तिन्हींचे उत्तर देताना आम्हांस खाली पाहावे लागले. टब उत्तरेकडील गॅलरीत. पाणी रात्री मोरीच्या फरशीइतके गार. आणि घर टापटिपीचे, म्हणून टब रोज घासून लख्ख केलेला.

कासवाच्या शरीरात आपल्याप्रमाणे स्वतःची ऊब उत्पन्न होत नाही. भोवतालचे पाणी गार झाले की शरीर गार होते व पचनक्रिया मंदावते. अशा स्थितीत बळेच घास भरविला तर तो पोटात कुजण्याचे भय असते. म्हणजे आमचे कासव रुसलेले नसून आमच्याहून अधिक समंजस होते! उन्हाचीही तीच कथा. काचेतून आलेले ऊन ह्या कामी निरुपयोगी. उघड्या उन्हातील किरणांनीच 'ड' जीवनसत्त्व तयार होते, आणि त्यावाचून खाल्लेला चुना हाडांस व कवचास लागत नाही.

आता लपण्याविषयी. हे कासव मऊ पाठीचे, म्हणजे कवचावर कातडे असलेल्या जातीचे. पाय आत घेतले की पोटाकडील कातड्याच्या दोन झडपा मागील पायांवर मिटतात. तळी, भातखाचरे व कालवे ह्यांतील चिखल हेच त्याचे घर. तळे आटले की ते त्या चिखलात स्वतःस पुरून घेते व पाऊस येईतो अन्नावाचून पडून राहू शकते. अशा प्राण्यास आम्ही आरशासारख्या स्वच्छ टबात ठेविले, आणि 'जिवंत आहे ना' हे पाहण्यास घरातील सहाही माणसे दिवसातून अनेकदा त्यास उचलीत होती. कासवी केवळ दृष्टीने पिल्लांचे पोषण करिते, असे संतवाङ्मयात आपण वाचितो. वस्तुतः ती खळगा खणून अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. आमच्या घरच्या कूर्मदृष्टीने तर तीन आठवड्यांत त्याचे वजन 310 ग्रॅमवरून 265 वर आणिले.

खरे दुखणे कसे ओळखावे, हेही डॉक्टरांनी सांगितले. डोळे सुजून मिटणे, नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडे टाकून श्वास घेणे, पोहताना एका अंगास कलणे, पोटाच्या कातड्यावर व्रण पडणे. ह्यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. तसे काही नसेल, तर पाणी कोमट राखावे, तळाशी चार बोटे चिखल घालावा, अर्ध्या टबावर सावली करावी, आठवड्यातून एकदाच वजन करावे, आणि एरव्ही त्यास विसरावे. हे विसरणेच आम्हांस सर्वांत जड गेले.

सहाव्या दिवशी त्याने एक गोगलगाय खाल्ली. गोगलगायींचा डबा गॅलरीच्या उंबऱ्याच्या आत यावयाचा नाही आणि टबास शिवल्यावर साबणाने हात धुतल्यावाचून कशासही शिवावयाचे नाही, असा सौभाग्यवतींचा दंडक होता. आम्ही त्यास सोवळे म्हणून हसलो. परंतु कासवांच्या अंगावरील जंतूंनी मुलांस पोटाचे विकार होतात म्हणून अमेरिकेत 1975 साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस मनाई झाली, हे कळल्यावर हसणे थांबविले.

परंतु डॉक्टरांनी निघताना हलक्या आवाजात आणखी एक गोष्ट सांगितली होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ह्या कासवाचे नाव आहे. दयाबुद्धीनेही ते घरी ठेविता येत नाही. एकादशीस तळ्यात सोडून द्यावे, असे घरात निघाले. तेही योग्य नव्हे. चार महिने टबात राहिलेला प्राणी अशक्त असतो, आणि इकडचा रोग तिकडे नेतो. दुकानांतून मिळणारी, कानाजवळ लाल पट्टा असलेली परदेशी कासवे तर तळ्यात मुळीच सोडू नयेत. ती येथील कासवांचे अन्न व जागा बळकावितात.

वनखात्याच्या 1926 ह्या क्रमांकावर आम्हीच कळविले. नातू दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. "आता तर ते खाते आहे," हे त्याचे म्हणणे होते, आणि त्यास द्यावयास आमच्यापाशी ह्या खेपेस दाखलाही नव्हता.

वनरक्षक आले व त्यांनी कासव ओल्या गोणपाटात ठेविले. त्याने एकदा मान लांब केली. नातवाने हात पुढे केला नाही. वहीचे एक पान फाडून त्यावर सापडल्याची जागा, तारीख आणि त्या सकाळचे वजन, 290 ग्रॅम, इतके लिहून त्याने ते वनरक्षकांच्या हाती दिले.