घाट उतरलेली बाई स्थलांतरित नाही?



दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की सुरगाणा, पेठ, हरसूलकडच्या पाड्यांवरून जीपगाड्या भरून खाली येऊ लागतात. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात, दिंडोरी-निफाडच्या रस्त्यांवर, कडेवर मूल आणि डोक्यावर बोचकं घेऊन पहाटेच उभ्या असलेल्या बाया आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. गोडी छाटणीनंतरची विरळणी, डिपिंग, घडांना कागद बांधणं ही सगळी निगुतीची कामं त्यांच्या हातून होतात. युरोपला जाणाऱ्या मण्याची जाडी किती हवी, हे बागाईतदाराला तोंडपाठ असतं. तो मणी वाढवणाऱ्या बाईची मात्र कुठे नोंद नसते.

गेल्या हंगामात एका बागेत मला मुकादमाची वही पाहायला मिळाली. काम एकरावर उक्तं घेतलेलं. वहीत पुरुषांची नावं आणि प्रत्येकापुढे एकच शब्द, 'जोडी'. त्या जोडीतली एक बाई तान्ह्या बाळाला मांडवाखाली झोळीत टाकून घड सोडत होती. मी विचारलं, "बाई, तुला स्वतःला रोज किती पडतो?" ती हसून म्हणाली, "मालकालाच ठाऊक." मालक म्हणजे बागेचा की घरचा, हे मी विचारलं नाही. विचारूनही फारसा फरक पडला नसता.

एम.एस.डब्ल्यू. करताना 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आम्ही पाठ केला होता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, ठेकेदारामार्फत, आणि पाच किंवा अधिक कामगार असतील तरच तो लागू. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळत. या अटीचा अर्थ मला सुरगाण्यात काम करू लागल्यावर कळला. हा तालुका गुजरातच्या सीमेवर. ठेकेदाराबरोबर सीमा ओलांडून गेलेली बाई कागदावर तरी स्थलांतरित ठरू शकते. घाट उतरून दिंडोरीला आलेली तिची सख्खी बहीण ठरत नाही. गाव दोघींनी सोडलं, बिऱ्हाड दोघींचं उघड्यावर, पण एक कायद्याला दिसते आणि दुसरी दिसत नाही.

हा कायदा आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेत विलीन झाला आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये संहिता लागू झाली. स्वतःहून आलेल्या कामगारालाही तिने स्थलांतरित मानलं, हे बरं झालं. पण राज्याच्या सीमेची अट राहिली, पाचाचे दहा झाले आणि जुन्या कायद्यातला विस्थापन भत्ता गेला. याला सुधारणा म्हणायचं?

2020 च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा रस्त्याने चालत निघालेली माणसं आपण नाशिककरांनी दारातून पाहिली. 1 मे 2020 ला नाशिकरोडहून भोपाळसाठी श्रमिक गाडी सुटली. आठवड्याने करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. तेव्हा सरकारला कळलं की आपल्याकडे या माणसांची यादीच नाही. 2021 मध्ये ई-श्रम आलं. त्याचं कार्ड बाईला स्वतःच्या नावावर मिळतं, हे मोलाचंच. पण बुडालेली मजुरी कोणाकडून वसूल करायची, हे काही त्या कार्डावरून कळत नाही.

आणि 'जोडी' हा निव्वळ हिशेबाचा शब्द नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाचा खाडा म्हणजे दोघांचा दंड. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीचा खाडा परवडत नाही म्हणून शरीराचा तुकडाच काढून टाकायचा! एवढं झाल्यावरही आपण धोरण मागितलं ते ऊसतोडीपुरतंच. ऊसतोड कामगारांच्या नावाने महामंडळ निघालं, द्राक्षबागेतली बाई बाहेरच राहिली. यात आपल्या चळवळीचीही चूक आहे, मी स्वतःला त्यातून वगळत नाही.

कामगार हा विषय केंद्राइतकाच राज्याचाही आहे. देशाने 2005 मध्ये केला तसा रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्येच केला होता. मग राज्यांतर्गत हंगामी स्थलांतरितांचा कायदा का करू नये? त्यात मुकादमाची नोंदणी हवी. बाईचं नाव वेगळं, तिची मजुरी तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात हवी. बागेजवळ पाळणाघर हवं, बाळंतपणात आधार हवा.

बागाईतदार म्हणतील, गारपिटीने आम्हीच मेलोय, हा खर्च कुठून करायचा? लहान बागवाल्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणून बोजा एकेका बागेवर नको. बांधकामावर खर्चाच्या एक टक्का उपकर घेऊन मजुरांचं कल्याण मंडळ चालतं. तसा उपकर निर्यातीच्या मालावर, पॅकहाऊसच्या दारात बसवता येईल.

कामगार खात्याला द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही करत आहोत. त्याला पुरावा लागेल. तुमच्या गावातल्या बागांवर आलेल्या टोळ्यांत बाया किती, मुलं किती, हिशेब कोणाच्या हाती मिळतो, एवढं साध्या वहीत उतरवून पुढच्या अंकाआधी आमच्याकडे पाठवा. आणि प्रत्येक बाईचं नाव तिला स्वतःला विचारूनच लिहा.